माझं औषध

नर्सने दंडाला स्पिरिटचा बोळा लावला आणि त्या वासासरशी निघोज्याच्या कारखान्यातला, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमधला दत्ता आठवला. शेजारच्या मशीनवरच्या कामगाराची बोटं प्रेसखाली गेलेली त्यानं पाहिली होती. आठवड्यानं पूजा करून ते मशीन पुन्हा सुरू करताना मी, शिफ्टचा विदूषक, नारळ मुद्दाम त्याच्या पाठीमागे फोडला. दत्ता किंचाळून खाली बसला. बुटांवर उडालेलं पाणी रक्त असल्यासारखं पुसत राहिला. सगळे हसले. मी ओशाळलो, शिफ्ट सुटल्यावर त्याला आयुष्यातली पहिली क्वार्टर पाजली.

“झोप लागंल ना, भावा?” अपघातापासून डोळा न लागलेल्या दत्तानं विचारलं.

“औषध हाय राव, घे!”

झोप लागली. पुढे त्याशिवाय लागेना.

“दारूनं खाल्लं त्याला,” तेराव्याला सगळे म्हणाले. पहिली कुणी पाजली, हे कुणी विचारलं नाही. एरवी न विचारता बडबडणारा मी, तेव्हा गप्प जेवलो.