वारंगा फाट्याची वाढलेली खिचडी

"वाढली म्हंतो ना! वाढली, वाढली, वाढली! आता काय डफडं लावून सांगू?"

वारंगा फाट्यावरचा खिचडीवाला हातातला झारा असा परजत होता, की नांदेडकडून येणाऱ्या दोन ट्रकांनी घाबरून ब्रेक मारले. त्याच्यासमोर बाकावर माझे सासरे पळसाची पत्रावळ पुढ्यात ओढून बसले होते. तेही काही कमी नव्हते.

"वाढली म्हणताय, मग पानात कुठं हाय ती? माझ्या पानात नुसतं वारं हाय वारं!"

मी दोघांच्या मधोमध बसून रस्त्यापलीकडच्या बाभळीवर चढू पाहणारी एक शेळी फार मन लावून बघत होतो. कारण या भांडणाचं मूळ मीच होतो.

आमच्याकडं चुलीपुढं 'संपलं' म्हणत नाहीत. मीठ संपत नाही, वाढतं. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. 'संपलं' असं तोंडातून गेलं, की लक्ष्मी पुढची यष्टी धरते. फाट्यावरचा हा गडी तर या बाबतीत इतका कडक, की ओठाला चटका बसेपर्यंत बिडी ओढायचा आणि मग म्हणायचा, "बिडी वाढली." तेव्हा खिचडी वाढली म्हणजे पातेलं रिकामं, हे मला पक्कं ठाऊक होतं. सासऱ्यांना दिव्याचं ठाऊक असेल, खिचडीचं नव्हतं. आणि मी, खोटं कशाला सांगू, त्यांना सांगितलं होतं, "मामा, वाढली म्हणजे वाढायला घेतली. बसा निवांत."

हा उद्योग मी का केला, ते कळायला सकाळपासून सुरुवात केली पाहिजे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. हिंगोलीचा तेव्हा जिल्हा व्हायचा होता. आम्ही परभणीच्या पंक्तीत कडेला बसलेले. मी हिंगोलीतल्या एका शाळेत कारकून, आणि त्याच शाळेत शिकवायला आलेली सांगलीची एक पोरगी माझी बायको झाली. कशी झाली, हे सासऱ्यांना अजून उमगलेलं नव्हतं. त्यांचं अख्खं आयुष्य सांगलीत हळदीच्या अडतीवर गेलेलं. लेक इतकी लांब गेली याचं दुःख ते काळ्या कोटाच्या आतल्या खिशात घालून आले होते. म्हणजे खरोखरच. तिथं एक अर्ज होता, सांगलीच्या अडतीवर कारकुनाच्या जागेसाठी, माझ्या नावानं सुबक अक्षरात लिहून तयार. फक्त खाली माझी सही राहिली होती.

"उद्या सकाळी मी परत निघणार," ते आल्या आल्या म्हणाले. "त्याआधी सही पाहिजे."

मला हिंगोली सोडायची म्हणजे माशाला कयाधू सोडायची. मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "इथं राहण्यासारखं काय आहे ते आबांना दाखवा. आबांना पटलं तर राहू."

एक दिवस हातात होता. मी म्हटलं, बस्स! सबंध मुलूख खाऊ घालतो या माणसाला.

सकाळी पहिला मुक्काम स्टेशनाजवळच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे चार बाक आणि एक पत्रा. आमची ती छोट्या रुळांवरची गाडी इतकी सावकाश यायची, की लांबून शिटी ऐकून माणूस हॉटेलात शिरायचा, नाश्ता करायचा, चहा प्यायचा, मिशी पुसायचा आणि मग चालत जाऊन गाडीत बसायचा. आत शिरताना मी उत्साहानं म्हणालो, "मामा, आधी सुशीला खाऊ."

सासरे उंबऱ्यातच थांबले. "जावईबापू, जरा तोंड सांभाळा."

भिजवलेल्या मुरमुऱ्यांना शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी दिली, की आमच्याकडं त्याला सुशीला म्हणतात. कोणत्या सुशीलेनं पहिल्यांदा केली ते देव जाणे, पण तिचा नवरा नक्कीच लवकर उठत असणार. ताटली आली. सासऱ्यांनी दोन चमचे खाल्ले, मग ताटली चाटूनपुसून लख्ख केली आणि निकाल दिला, "हाय. पण भडंगागत न्हाई."

दुसरा मुक्काम कयाधूच्या काठावर. तिथं एक म्हातारी ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन बसायची. त्या ठेच्याबद्दल मी काही वाढवून सांगणार नाही. एवढंच सांगतो, की तो खाऊन नदीत हात धुतले, तर खालच्या अंगाला मासे शिंकायचे. सासऱ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, कानशिलं लाल झाली, टोपी आपोआप दोन बोटं वर उचलली गेली.

"कसं काय, मामा?"

"हाय," ते नाक ओढत म्हणाले. "पण कृष्णेचं पाणी न्हाई."

ठेचा विचारला तर निकाल पाण्याचा! पण मी हरणारा नव्हतो. हुकमाचा एक्का मी शेवटी ठेवला होता. यष्टीत बसल्यापासून मी त्यांना वारंगा फाट्याच्या खिचडीबद्दल सांगत सुटलो. ते पातेलं इतकं मोठं, की एकदा त्यात पडलेला झारा तिसऱ्या दिवशी सापडला. ते पातेलं आजवर कुणी रिकामं बघितलेलं नाही. निजामाच्या काळातला एक शिपाई तिथं जेवायला बसला होता तो अजून जेवतोय. "मामा, सगळं जग उपाशी राहील, पण फाट्याची खिचडी संपायची नाही!"

हे बोलायला नको होतं. पण माझी जीभ म्हणजे कळमनुरीचा बाजार, एकदा भरला की आवरत नाही.

त्या दिवशी कळमनुरीचा बाजार खरोखरच भरला होता आणि तिथं उतरायची बुद्धीही मलाच झाली. म्हटलं, भजे खाऊ. भजे खाल्ले. ("हाय. पण सांगलीगत न्हाई.") मग सासऱ्यांना हळद दिसली. एवढं बोलावणं पुरेसं होतं. प्रत्येक पोत्यापुढं उकिडवे बसून ते हळकुंड मोडायचे, आतला रंग बघायचे, हुंगायचे आणि विकणाऱ्याला त्याच्याच हळदीचं गोत्र सांगायचे. एक शेतकरी हात जोडून म्हणाला, "मालक, तुमी घेऊन राहिले का पूजा करून राहिले?" यात एक यष्टी गेली. दुसरीत बसलो तर पुढं रस्त्यावर मेंढ्यांचा कळप आला. त्या मेंढ्या मोजायला बसलो असतो, तर आज हे लिहायला मी तिथून उठलोच नसतो.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. खिचडीवाल्यानं मला ओळखून लांबूनच सांगितलं, "वाढली बरं का!" मी लगेच रस्त्यापलीकडची बाभळ बघायला लागलो. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र सकाळपासून पहिल्यांदाच हसू आलं. "वाढली? वा! वाट बघतच होते म्हणायचं." त्यांनी कोपऱ्यातली शेवटची पत्रावळ स्वतः उचलली, बाक पुसला, बसले. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला खरं कसं सांगायचं? दिवसभर मी ज्या पातेल्याच्या शपथा खाल्ल्या, ते पालथं पडायला निघालं होतं आणि कोटाच्या खिशातला अर्ज मला कोटाबाहेरूनही दिसत होता.

तर अशा रीतीनं आपण परत त्या झाऱ्यापाशी आलो.

आरडाओरडा ऐकून खिचडीवाल्याची बायको मागच्या चुलीपासून पुढं आली. एरवी ती पुढं यायची नाही, म्हणून मला ओळखत नव्हती. पदर खोचलेला, कपाळाला राख लागलेली.

"काहून वरडून राहिले? पाव्हणे कुठले?"

"सांगलीचे," मी घाईनं म्हटलं.

"सांगलीचे?" बाई एकदम नरमली. "आमची एक मास्तरीण हाय की सांगलीची. हिंगोलीहून येती. लई गुणाची. पण खिचडी खात न्हाई बगा. इकडं मागं येऊन बसती अन् म्हंती, मावशी, मला खरपुडी काढून द्या."

मी शेळीवरची नजर काढली. महिन्यातून एकदा तरी मी बायकोला इथं आणायचो. मी बाहेर बाकावर दोन-दोन पत्रावळी हाणत असताना ती मागं चुलीपाशी काय करते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. वाटायचं, बायाबायांचं काही बोलणं असेल. पंचक्रोशीतल्या प्रत्येक भज्याचा इतिहास तोंडपाठ असणाऱ्या माणसाला आपल्या बायकोला काय आवडतं हे माहीत नव्हतं!

सासरे मात्र पत्रावळ सोडून उभे राहिले होते. "खरपुडी म्हणाली?"

"व्हय. बुडाला लागलेली. का बरं?"

"लहानपणी दुधाचं पातेलं खरवडायची," ते हळू आवाजात म्हणाले. "घरातला एक चमचा निम्मा झिजलाय तिच्यापायी. माझी लेक हाय ती."

"अगं बाई!" बाईनं नवऱ्याच्या हातातला झारा काढून घेतला. "मास्तरणीचे वडील अन् तुमी त्यांच्यावर झारा उगारून राहिले? बसा हो, दादा. माझ्यापुरती खरपुडी ठेवली व्हती, ती खा."

पत्रावळीवर तांबूस, खमंग, कुरकुरीत खरपुडी आली, वर कच्च्या तेलाची धार आणि शेजारी ताक. सासऱ्यांनी पहिला तुकडा तोंडात टाकला. चावले. थांबले. मग दुसरा तुकडा नाकाशी नेला.

"हळद कुठली?"

"इथलीच, कुरुंद्याची."

मी श्वास धरून वाट बघत राहिलो. आता 'पण' येणार. 'हाय, पण.' तो काही आला नाही. ते नुसते खात राहिले आणि खाता खाता, पत्रावळीकडंच बघत, म्हणाले, "लेक इकडं एकटी पडली असंल असं वाटायचं."

"एकटी?" बाई हसली. "चुलीपुढची ती बसायची फळी बगा. तिचीच हाय. माझा नवरा बसला तरी उठिवती त्याला."

"उठिवती," खिचडीवाल्यानं दुजोरा दिला. भांडण त्याच्यापुरतं मिटलं होतं.

सासऱ्यांनी त्या फळीकडं बघितलं. साधी सागाची फळी, एका कोपऱ्यात जळलेली. पत्रावळीवरची निम्मी खरपुडी त्यांनी बाजूला सारली. "एवढी बांधून देता का? तिला नेतो."

"कशात बांधू, दादा? पानं वाढली. रद्दी बी वाढली."

"वाढली म्हंजे?" सासऱ्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उगवली. "संपली?"

नवरा-बायको दोघांनीही एकदम कानांवर हात ठेवले. सासरे माझ्याकडं वळले. इतक्या सावकाश, की आमची छोट्या रुळांवरची गाडीसुद्धा त्यापेक्षा जलद वळते.

"जावईबापू, म्हंजे मघाची खिचडी..."

"यष्टी येऊन राहिली बहुतेक," मी म्हणालो.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, सुबक अक्षरातला तो कागद काढला, बाकावर पसरला आणि त्यावर खरपुडी ठेवून नीट चारी बाजूंनी पुडी बांधली. 'माननीय महोदय' वर तेलाचा डाग पसरत पसरत माझ्या नावापर्यंत आला.

परतीच्या वाटेवर ते खिडकीशी बसून झोपले, पुडी मांडीवर. मी मात्र हिंगोली येईपर्यंत जागा. कागद तेलकट झाला तरी सांगलीत कागदांचा काय तोटा? हा माणूस दुसरा लिहून आणेल.

दिवेलागणीला घरी पोचलो. बायकोनं पुडी हुंगली आणि दारातच मांडी घालून बसली. "खरपुडी! आबा, तुम्हाला कुणी सांगितलं?" पाच मिनिटांत तिनं सगळी संपवली (इथं 'संपवली' म्हटलं तर चालेल, चूल लांब होती). मग तेलानं पारदर्शक झालेला कागद तिनं उजेडात धरला आणि खालची सहीची कोरी जागा बघितली.

"आबा, हा तर अर्ज आहे. आता अर्जाचं काय?"

सासऱ्यांनी कोट काढला, खुंटीला अडकवला.

"वाढला," ते म्हणाले.