पंचफुलामावशीची पहार

पंचफुलामावशी मारल्याशिवाय सामान देत नसे. वाढवून सांगत नाही. अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं किराणा दुकान होतं. आम्हा पोरांच्या डोक्यात टपली बसली की समजायचं, आता साखर मिळणार. मध्येच घुसलं तर टपली नाही, थेट कानाखाली. गुळाची ढेप ती लोखंडी पहारेनं फोडायची आणि पहार हातात तशीच धरून गिऱ्हाइकाशी बोलायची. ट्यूशनच्या पोरींमागे गाडी फिरवणाऱ्या एकाला तिनं किलोचं वजन फेकून मारलं. त्याचा गुडघा फुटला. मावशीला वाईट वाटलं ते वजन नालीत गेल्याचं.

दुसरी खोड चौकशीची. "कावून पायजे?" म्हणजे कशाला हवं, हे विचारल्याशिवाय तिचा हात डब्याकडे वळत नसे. कधीकाळी एका बाईला तिनं उंदराचं औषध न विचारता दिलं होतं. ती बाई दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासूनची ही खोड. गल्लीला ठाऊक होतं, तरी माणसं चिडायचीच. समोरचे वकीलसाहेब एकदा म्हणाले, "बाई, दुकान चालवता की कोर्ट?"

"तुमचं कोर्ट माणूस मेल्यावर भरते, साहेब. माह्यं आधी भरते."

माझे वडील शिक्षक. बाहेर सगळे त्यांना अदबीनं सर म्हणायचे. घरात त्यांचा पट्टा बोलायचा. मी नऊ वर्षांची असेन, बाळू माझा धाकटा भाऊ. त्या दुपारी त्यांनी आईला झोडपलं, मग पोटभर जेवले आणि झोपले. आईनं तोंड धुतलं, मला हाक मारली. "मावशीकडून शेवया आण, साखर आण, आणि उंदराचं औषध." खीर म्हटल्यावर मी पळतच सुटले. काय बह्याड पोरगी होते मी!

"कावून पायजे?" मावशीनं विचारलं.

"खीर करायचीय."

"अन् औषध?"

"उंदीर झालेत."

"तुमच्या घरी त मांजर हाय वं पोट्टी."

"आई म्हणाली, आज मी, ती आणि बाळू, तिघांनीच खायची. बाबांना उठवायचं नाही."

मावशीनं अशी थापड हाणली की मी तांदळाच्या पोत्यावर जाऊन पडले. "तुया मायले काय झालं? खरं सांग!" मी रडत पट्ट्याचं सांगितलं. दुकान उघडं टाकून, अनवाणी, पहार घेऊन ती निघाली. मी मागे.

आई दूध तापवत बसली होती. मावशीनं आधी तिलाच हाणलं. "मराले निंगाली? लेकरं घेऊन? लाज नाई वाटत तुले?" आई तिच्या कमरेला मिठी मारून ओरडली. ते ओरडणं अजून माझ्या कानातून जात नाही. बाबा जागे झाले. "आमच्या घरातलं आम्ही बघू," म्हणत त्यांनी पट्टा उचलला. मावशीनं पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज वाळकी तुराटी मोडल्यासारखा येतो.

"पुना हात लावशीन त दुसरा बी तोडीन, सर!"

सर म्हणायला मात्र चुकली नाही. मला आनंद झाला. झाला तर झाला, आता सोज्वळपणा कशाला करू?

संध्याकाळच्या गाडीनं आई आम्हा दोघांना घेऊन बार्शीटाकळीला माहेरी गेली, ती परत आली नाही. बाबांनी तक्रार केली. मावशी आठ दिवस कोठडीत होती. गल्लीनं तिला गुंड ठरवलं. तिला सोडवायला वकीलसाहेबच गेले, हेही सांगायला हवं.

अकोल्यात नोकरी लागल्यावर मी तिला भेटायला गेले. विचारलं, "मावशी, खरंच उंदीर मारायचे असते तर?"

तिनं चहा बशीत ओतला. "त तुया बापाचा हात फुकट मोडला असता. हात जुळते व माय. मेलेलं माणूस जुळते काय?"

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेली. मी आईला घेऊन अमरावती गाठली. तिरडी उचलताना आई पुढे झाली, तसा एक जण आडवा आला. "बायका खांदा देत नसतात." माझ्या आईनं उभ्या आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. तिनं त्या माणसाच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का मारून त्याला बाजूला पाडलं आणि खांदा दिला.