उजवा कौल

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मेधाला माझं काय ठाऊक नाही? पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट सांगता येणार नाही. बाबा आत झोपलेत, मेधा बाहेर गेलीय, आणि आज सकाळी बाबांनी पुन्हा एकदा कोणालातरी ती गोष्ट ऐकवली. मी बाजूलाच बसलो होतो. नेहमीसारखा गप्प.

ती गोष्ट म्हणजे — थांबा, आधी मी कोण ते सांगतो. त्याशिवाय यात चुकीचं काय झालं ते कळणार नाही.

मी एका विमा कंपनीत जोखीम मोजतो. कोणाला काय होऊ शकतं, किती शक्यता, यावर माझं पोट आहे. ऑफिस वांद्र्याला, घर मुलुंड पूर्वेला. आणि रविवारी, महिन्यातून एकदा, आमच्या इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये मी बोलायचो. विषय ठरलेला — माणसाचं मन कसं फसतं. पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, चाळीस-पन्नास माणसं. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू? लोक माझ्याकडे बघायचे ते आवडायचं.

सुरुवात मी कोड्याने करायचो. शर्यतीत तुम्ही दुसऱ्या नंबरवरच्या माणसाला मागे टाकलंत, तर तुमचा नंबर कितवा? अर्धा हॉल ओरडायचा — पहिला! मग मी हसून गप्प राहायचो. हळूहळू एकेकाच्या लक्षात यायचं की दुसऱ्याला मागे टाकलं म्हणजे आपण दुसरे. मग मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकायचो. ज्याला मनात पहिलं आलेलं उत्तर खरं वाटतं, त्याला देवही खरा वाटतो. जो थांबून विचार करतो, त्याचा देव गळून पडतो. टाळ्या.

माझी आई एकदा तिथे आली होती. विक्रोळीच्या कामगार वसाहतीतून, नवं लुगडं नेसून, मुलगा काय बोलतो ते ऐकायला. मूळचे आम्ही मालवणकडचे. बाबा कारखान्यात लागले आणि आई इथे आली, पण तिची बोली शेवटपर्यंत तीच राहिली. मी कोडं घातलं तसं ती पुढच्या रांगेतून सहज म्हणाली, "दुसरो. पयल्याक खंय मागे टाकलास?" लोक हसले, वळून बघायला लागले. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "कधीकधी न विचार करताही बरोबर येतं." पुन्हा हशा. आईसुद्धा हसली.

घरी जाताना रस्त्यात गणपतीचं देऊळ लागलं तिथे तिने चप्पल काढून हात जोडले. मी बाहेर उभा राहून मोबाइल बघत होतो. ती विचार करत नाही हे मी तेव्हा ठरवूनच टाकलं होतं. ठरवायला मी तरी कुठे विचार केला होता?

असो. बाबांचं सांगतो.

सत्तरी ओलांडल्यावर बाबांच्या पोटाची सोनोग्राफी झाली, वेगळ्याच कारणासाठी. त्यात दिसलं की पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय. कधी फुटेल सांगता येत नाही, फुटली तर संपलंच. ऑपरेशन करावं तर बाबांची फुप्फुसं अधू, आयुष्यभर कारखान्याच्या धुळीत काढलेली. भूल झेपेल की नाही याची खात्री नाही. दोन डॉक्टर झाले. एक म्हणाले करा, एक म्हणाले थांबा, आणि दोघंही शेवटी म्हणाले — निर्णय तुमचा.

तुमचा म्हणजे माझा. काका म्हणाले, "तूच बघ रे बाबा, तुझं डोकं चालतं." बाबा म्हणाले, "तो ठरवेल ते." फक्त आई काही म्हणेना. मग संध्याकाळी, सगळे आमच्याकडे मुक्कामाला जमलेले असताना, ती हळूच म्हणाली, "माझा मन नको म्हणता. पण माझ्या मनाचा काय घेऊन बसलास. गावाक कौल लावया."

कौल तुम्हाला माहीत असेल. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, बाबांचा जीव मी फुलाच्या पाकळीवर टाकू का?"

ती म्हणाली — आणि हे तिचं वाक्य मी इतकी वर्षं कोणासमोर उच्चारलेलं नाही, कारण ते माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा शहाणं होतं — "जितक्या कळता तितक्या डॉक्टराक इचारूचा. जा कोणाकच कळणा नाय, तितक्याच देवाक."

मी म्हणालो, "कोणालाच कळत नाही ते दगडाला कसं कळेल?" काका हसले. विषय संपला. आई उठून आत गेली आणि भांडी लावत बसली.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. सगळे रिपोर्ट पुढ्यात घेऊन बसलो. जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं, आकडे मांडले, परत मांडले. रोज हेच करणारा माणूस मी. पण ती माणसं कोणाची तरी असतात, नावं नसलेली. हे माझे बाबा होते. आकडे दोन्ही बाजूंना सारखेच झुकत होते. इकडे थोडं जास्त धरलं की करा, तिकडे थोडं जास्त धरलं की नको. आणि ते थोडं कुठे धरायचं हे कुठलाच आकडा सांगत नव्हता.

दुपारी मेधाला म्हणालो, झेरॉक्स काढून आणतो. खाली उतरलो. चालत चालत पार चेकनाक्यापर्यंत गेलो. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि —

आणि मी गावच्या गुरवाला फोन केला.

झालं, सांगितलं. एवढंच आहे ते. एवढंसं वाटतं ना? पण पुढचं ऐका.

गुरव माझ्या ओळखीचा, लहानपणी सुट्टीत आम्ही एकत्र आंबे पाडलेले. मी म्हटलं, कोणाला सांगू नकोस, आईला तर मुळीच नको, आणि आत्ताच्या आत्ता कौल लाव, बाबांचं ऑपरेशन करायचं का म्हणून. तो देवळाच्या आवारातच होता. त्याने एका शब्दाने चौकशी केली नाही. फोन बाजूला ठेवून गाऱ्हाणं घालायला लागला. बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू मुंबयक ऱ्हवता... प्रत्येक ओळीनंतर "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. देवळात त्याच्याबरोबर कोणीच नव्हतं. तर ते, भर दुपारी, मुलुंडच्या रस्त्यावर, रिक्षांच्या आवाजात — मी म्हणालो. प्रत्येक वेळी म्हणालो.

बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग तो फोनवर आला. "उजवो दिल्यान. आता भियाचा नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खरं सांगू? त्या क्षणी छातीवरचं ओझं जे उतरलं, तसं कुठल्याही हिशेबाने कधी उतरलेलं नाही.

घरी येईपर्यंत माझ्याकडे कारणं तयार होती. बाबांचं वजन आटोक्यात आहे, साखर नाही, फुगा वाढत चाललाय, सर्जनचा हात चांगला आहे. सगळी कारणं खरी होती. सकाळीही खरीच होती. फक्त सकाळी ती विखुरलेली होती आणि आता रांगेत उभी होती. मी सगळ्यांना बसवलं आणि शांतपणे समजावलं — ऑपरेशन करायचं. आई माझ्याकडे एकटक बघत होती. म्हणाली, "तू नीट इचार केलंस?" मी म्हटलं, "पूर्ण."

ऑपरेशन झालं. बाबांना जड गेलं, बरेच दिवस आयसीयूत काढले, पण घरी आले. आणि मी हिरो झालो. काका जाईल तिथे सांगायचे — पोराने डोकं लावलं म्हणून भाऊ वाचला.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. थांबलो नाही. बाबा हिंडू-फिरू लागल्यावर पहिल्याच रविवारच्या भाषणात मी ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगितली. माझ्या आईचं मन नको म्हणत होतं, आई कौल लावायला सांगत होती, मी विचार केला, आणि बघा — बाबा इथे बसलेत! टाळ्या थांबेनात. बाबांच्या शेजारी आई बसली होती. लोक तिच्याकडे वळून बघत होते, कौतुकाने नाही, तर चुकलेल्या मुलाकडे बघतात तसे. तिने पदर सारखा केला आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

त्यानंतर ती बदलली. देवापुढे दिवा लावायची, पण मागणं बंद झालं. पूर्वी वसाहतीतल्या बायका तिला विचारायला यायच्या — पोरीला हे स्थळ कसं वाटतं, हा भाडेकरू ठेवू का. तिचं "माका वाटता" त्यांना पुरेसं असायचं. आता ती म्हणायची, "माका काय इचारतास? माझ्या झिलाक इचारा, तो इचार करता." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. मला वाटलं, आई सुधारली. हो, हाच शब्द माझ्या मनात आला होता.

पुढची गोष्ट त्यानंतर काही वर्षांनी. एका सकाळी तिचा ऑफिसात फोन आला. म्हणाली, दोन दिवस कसंतरीच वाटतंय. दुखत नाही, खुपत नाही, पण काहीतरी वाईट होणारसं वाटतंय. मी मीटिंगला निघालो होतो. विचारलं, "नक्की काय होतंय?" ती स्वतःच म्हणाली, "काय नाय. नुसता वाटता. वाटण्यात काय आसता?" आणि मी — मी हसून म्हणालो, "बघ, शिकलीस की नाही?"

दुपारी शेजाऱ्यांनी तिला हॉस्पिटलात नेलं. हृदयाचा झटका, तोही बहुतेक आदल्या दिवशीच सुरू झालेला. डॉक्टर म्हणाले, काही बायकांना छातीत दुखतच नाही, नुसतं अस्वस्थ वाटतं, काहीतरी होणार असं वाटतं. लवकर आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं.

ती त्यातून उठली, पण निम्म्या हृदयानिशी. तिला आणि बाबांना आम्ही मुलुंडला आणलं. वर्षभर खिडकीशी बसून असायची. शेवटी पुन्हा हॉस्पिटल. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी मोसंबं सोलत होतो. ती एकदम म्हणाली, "एक इचारू? ह्यांच्या आपरेशनाच्या वक्ताक तू गावाक फोन केल्लंस काय रे?"

गुरवाने सांगितलं होतं का तिला? मी विचारलं, "कोण म्हणालं?" ती म्हणाली, "कोण नाय. त्या दिवशी तू खालसून वर इलंस, तेव्हा तुझा तोंड बघून माका वाटला."

मी आजही देव मानत नाही. पाकळी ओल्या दगडावरून घसरते, कधी इकडची, कधी तिकडची. पण तिने देवाबद्दल विचारलंच नव्हतं. मी फोन केला होता की नाही, एवढंच विचारलं होतं. आणि तिचा सगळा जीव त्या उत्तराकडे लागलेला मला स्पष्ट दिसत होता.

मी म्हणालो, "नाही गं."

ती छताकडे बघत म्हणाली, "बरा. माका उगाच वाटला."

चार दिवसांनी ती गेली.

तिला वाटलं होतं ते खरं होतं.