मराठी बोलणारा डॉक्टर

राजमक्कांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत भाजीवाला त्यांना बघूनच भाव उतरवायचा. शाळेत गणित शिकवताना त्यांनी हेडमास्तरांच्याही चुका काढल्या होत्या. अशी बाई फसली, याची अजून चीड येते.

त्यांच्या यजमानांना, सांबशिवरावांना, मोटर न्यूरॉनचा आजार जडला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात, माणूस आत शाबूत राहतो. हात गेले, मग पाय. बोलणं तेवढं उरलं होतं. जड, पण राजमक्कांना कळेल असं. त्यांना ते बोलणं वाचवायचं होतं.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तमिळमध्ये स्वच्छ सांगितलं, की मूळपेशींच्या उपचाराचा अजून अभ्यासच चालू आहे. कुणी विकत असेल तर जाऊ नका. राजमक्कांनी मान डोलावली. तरी तोच उपचार विकणाऱ्या चेन्नईतल्या एका खासगी दवाखान्याला फोन लावलाच. डॉक्टरची तमिळमध्ये उलटतपासणी चालली असताना त्या मध्येच नवऱ्याशी मराठीत काही बोलल्या.

"अहो ताई, तुम्ही तर आपल्याच निघालात!" पलीकडून डॉक्टर म्हणाला. तो सोलापूरचा होता.

मराठा राजांच्या काळी इथे आलेल्या या गल्लीतल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात मराठी जपली. बाहेरचा कुणी ती बोलला, की त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. राजमक्का विरघळल्या. पुढे एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही.

"अम्च माणूस अहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अम्हांस फसवील कां?"

"राहूं दे, राजम. डॉक्टरीण नको म्हणटली."

"ती काय अम्ची?"

चेन्नईत त्यांच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून तिच्यातल्या मूळपेशी कण्यात टोचल्या. घरी आल्यावर ताप चढला. मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू पोचले होते. जीव वाचवला तो सरकारी इस्पितळानं. आवाज मात्र गेला. सोलापूरच्या डॉक्टरनं फोन उचलला, गोड मराठीत हळहळला आणि म्हणाला, "होतं असं कधीकधी, ताई."

आता सांबशिवराव डोळ्यांनी बोलतात. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही.

परवा त्यांची लाळ पुसताना राजमक्कांनी विचारलं, "मज चुकल कां?"

बायकोवर सांबशिवरावांचा फार जीव, पण खोटं बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. त्यांनी डोळे एकदा मिटले.

"बरं," राजमक्का म्हणाल्या, आणि पुसत राहिल्या.