पहिल्या ओळीची चाल

परवा माझ्याकडं पेटी शिकायला आलेल्या मुलीनं तिच्या आजोबांची बाजाची पेटी उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला, थेट आमच्या कर्जतकडच्या गावातल्या पत्र्याच्या चर्चमधल्या पेटीचा. डी.एड. करून मी तेव्हा घरी बसले होते आणि ‘आता पुढं काय?’ हे कुणी विचारू नये म्हणून लोकांत जायचं टाळत होते. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांचे हात कापायला लागले होते. ते घरी येऊन म्हणाले, “तू नुसती येक वळ शीक. म्होरलं मंडळी बगून घेईल.” मंडळी म्हणजे चर्चला जमणारी माणसं. एका ओळीनं काय होणार, असं म्हणतच मी रविवारच्या गीताची पहिली ओळ शिकले. रविवारी पत्रा तापलेला, सतरंजीवर दाटीनं बसलेली माणसं, माझ्या बोटांना घाम. पहिली ओळ नीट वाजली, पुढचं येत नव्हतं, म्हणून मी हात काढून घेतले. मग समोरच्या एका म्हातारीनं गीताची दुसरी ओळ उचलली, पण पहिलीच्याच चालीवर. मी पुन्हा भाता हलवला आणि मंडळीनं अख्खं गीत त्या एकाच चालीत म्हटलं. कुणी हसलं नाही. बाहेर चपला घालताना म्हातारी म्हणाली, “म्होरल्या आयतवारी दुसरी आन.” मी आणली. अशी एकेका ओळीनं मी पेटी शिकले आणि पुढं पेटी शिकवणं हेच माझं काम होऊन बसलं. परवा ती मुलगी पहिल्या ओळीनंतरच अडली आणि तिनं हात मागं घेतले. मी पुढचे शब्द त्याच चालीवर म्हणायला लागले.