आठवा लागण्याआधी

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि बोरगाव मेघेत घर बांधले, त्याच वर्षी आर्वी नाक्यावर माझ्या पत्नीला ऑटोचा धक्का लागला. नव्वदचे दशक तेव्हा संपत आले होते. हाड मोडले नाही. गुडघा खरचटला, बांगड्या फुटल्या. मात्र त्यानंतर ती फाटकाबाहेर पडेना. फाटकाशी गेली की तिचे हात गार पडत, छाती धडधडू लागे आणि भाजी न घेताच ती परत फिरे.

काही महिने मी याला हट्ट समजलो. मग तळेगावहून मुलीच्या सासूबाईंचा निरोप आला. मुलीला पाचवा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, आणि न्यायला आईनेच यावे, असे विहीणबाईंचे स्पष्ट म्हणणे होते. आठवा लागला की पोटुशीला प्रवास करू देत नाहीत. हातात जेमतेम तीन महिने होते.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवले. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या. पत्नी जाऊ शकत नव्हती, म्हणून बाईच आमच्या घरी येत. त्यांच्या कामात मला शिस्त दिसेना. एके दिवशी श्वास मोजायला लावत. दुसऱ्या दिवशी भीतीची चढती यादी करून घेत: फाटक, पिठाची गिरणी, नाका, शेवटी बस. तिसऱ्या दिवशी नुसत्या तिच्या माहेरच्या गोष्टी. मी विचारले, "तुमची नेमकी पद्धत कोणती?"

"माणूस एकाच बाजूने अडत नाही, काका. जिथे अडलं असेल, तिथलं अवजार घ्यायचं."

मला हे उत्तर पटले नाही. मदत म्हणून मी पुठ्ठ्यावर एक तक्ता आखला. दिनांक, ठिकाण, गेली अथवा नाही, शेरा. शेरे लाल शाईत. 'गिरणीपासून विनाकारण परत.' 'प्रगती असमाधानकारक.' बाईंनी तो भिंतीवर वाचला.

"काकू, तुमची नोकरी कायम आहे ना?"

"कायम कायची? तीस वर्षं झाले, अजून रोजंदारीवरच ठेवलं यायनं."

दोघी हसल्या. मी हसलो नाही. बाईंनी तक्ता उतरवायला सांगितला, मला समोर बसवले आणि पत्नीला अपघाताचा दिवस सांगायला लावला.

"हे पुढे चालते. नेहमीच. मी मांगून," ती म्हणाली. "त्या दिवशी हे रस्ता ओलांडून गेलते. मी पडली अन् पाह्यलं, तं हे पलीकडे पेपर चाळून राह्यले. हाक माराले गेली, आवाजच निघाला नाई. मले ऑटोचं भेव नाई वाटत, मॅडम. मले वाटते, मी पडीन अन् यायले घरी गेल्यावर समजन."

आमच्या पिढीत पुरुष पुढे चालत. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मलाही कधी वाटले नव्हते.

"उद्यापासून तुम्हालाही अभ्यास आहे, काका," बाई म्हणाल्या. "त्यांच्या शेजारून, त्यांच्या चालीने चालायचं. शेरा द्यायचा नाही."

हे अवघड गेले. पाय आपोआप पुढे धावत. "अजी, कुठी चालले? गाडी सुटून राह्यली काय?" ती मागून ओरडे. एखादा शेजारी विचारी, "साहेब, वहिनीनं दोरी बांधली काय?" मी थांबे. त्या दिवसांत प्रथमच लक्षात आले की ती डावा पाय किंचित ओढत चालते. मुलीच्या जन्मापासूनचे आहे, असे तिने सहज सांगितले.

गिरणी जमली. नाक्यावरून ती दोनदा रडत परतली. मी तोंड बंद ठेवले. तिसऱ्यांदा आम्ही रस्ता ओलांडला आणि पलीकडे उसाचा रस प्यालो. आठवा लागायला बारा दिवस उरले असताना बसमध्ये बसलो.

वाटेत आर्वी गावाला बस थांबताच ती उठली. कपाळावर घाम आला होता. "काकू, उतरता काय?" कंडक्टरने विचारले.

मी तिचा हात धरला. चारचौघांत असे पूर्वी कधी केले नव्हते.

"लोक पाहून राह्यले," ती पुटपुटली.

"पाहू दे. श्वास मोज."

तिने मोजले. मीही मोजले. "चाल बाप्पा, दे घंटी," ती कंडक्टरला म्हणाली आणि खाली बसली.

तळेगावला मुलगी दारातच उभी होती. आईला पाहून तिला रडू फुटले.

"रडून काऊन राह्यली? बॅग भरली काय?" पत्नीने विचारले आणि विहीणबाईंची वाट न पाहता थेट आत शिरली.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन निघालो. खिडकीची जागा मुलीला, शेजारी तिची आई. मी आर्वीपर्यंत उभा होतो. दोघींचे बोलणे अखंड ऐकू येत होते. ते बहुतेक माझ्याविषयी होते आणि फारसे चांगले नव्हते. मी ऐकत राहिलो.