परबने पुढे केलेली चिठ्ठी

“तुम्हारा परब... खलास,” हॉटेलचा ओमानी सुपरवायझर फोनवर म्हणाला. काम संपलं की इथे ओमानमध्ये आम्ही दिवसातून दहादा हाच शब्द वापरतो. मला वाटलं, ड्युटी संपली असेल. “तो घर भेजो,” मी म्हणालो. त्याने तोच शब्द पुन्हा, हळू उच्चारला... तेव्हा कुठे उमगलं. सकाळी माझ्यासोबत चहा पिऊन गेलेला विलास दुपारी स्टाफ कँटीनमध्ये भात वाढता वाढता कोसळला होता. दोन महिने होत आले, अजून खरं वाटत नाही.

मालवणचा विलास परब आणि मी इथल्या दार्सैत भागात एकाच खोलीत अकरा वर्षं राहिलो. मी एसी दुरुस्त करणारा, तो एका मोठ्या हॉटेलात मेजवान्यांच्या हॉलमधल्या वेटरांचा कॅप्टन. शेजारच्या येमेनमध्ये एका परक्या देशाचं सैन्य ठाण मांडून बसलं होतं आणि त्याबद्दलची बोलणी कधी कधी विलासच्या हॉटेलात चालायची. दोन्हीकडची माणसं एका टेबलावर बसायला तयार नसत. “आमची किटली तेवढी दोन्हीकडे जाते,” विलास हसून सांगायचा. मग एक दिवस कळलं, त्याला हॉलमधून काढून कँटीनमध्ये टाकलंय. मी कारण विचारलं. “जावंदे रे, पाय दुखतत,” एवढंच म्हणाला. मी विश्वास ठेवला. वर, कॅप्टनचा वाढपी झालास म्हणून चिडवलंही.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी सलीम आला. त्याच हॉटेलातला येमेनी वेटर, चाळिशी उलटलेला. विलासच्या पलंगावर बसून मोडक्या हिंदीत सांगू लागला. त्याच्या धाकट्या भावाला त्या सैनिकांनी गावातून उचलून नेलं होतं. चार महिने पत्ता नाही. आणि त्याच देशाच्या शिष्टमंडळाला कॉफी द्यायची पाळी सलीमवर आली. ट्रे उचलून तो निघाला. “मी त्यांना भावाबद्दल विचारणारच,” म्हणून तो हटून बसला. “तू पूछेगा तो तेरा वीज़ा जाएगा. इधर दे,” म्हणत विलासने ट्रे घेतला. भावाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. कॉफी ठेवली आणि प्रमुखापुढे चिठ्ठी सरकवून इंग्रजीत म्हणाला, “सर, याची आई विचारतेय, हा कुठे आहे?” त्या माणसाने चिठ्ठी वाचली, खिशात घातली. दुसऱ्या दिवसापासून विलास कँटीनमध्ये. चिठ्ठी कुणासाठी, हे मॅनेजरने खोदून विचारलं, पण त्याने सलीमचं नाव घेतलं नाही.

टॅक्सीवाल्याशीसुद्धा वाद न घालणारा हा माणूस...

तिथूनच विलासच्या बायकोला, वहिनींना, मालवणला फोन लावला. तो कँटीनमध्ये होता, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “तो झील... घराक पोचलो मा?”

सलीमचा भाऊ घरी पोचला का, हे मी विचारायचंच विसरलो होतो. सलीमकडे वळलो. “आया,” तो म्हणाला. “तीन हफ़्ते बाद. चिठ्ठी से आया, कैसे आया, मालूम नहीं. लेकिन आया.”

विलासचा कॅप्टनचा काळा कोट अजून दारामागे आहे. कँटीनमध्ये गेल्यावरही दर शुक्रवारी तो त्याला इस्त्री करायचा. कशाला, म्हणून मी कधी विचारलं नाही. परवाच्या शुक्रवारी इस्त्री मी गरम केली.